ओल्या फडक्याचा आळ

अन्याय झाला तो सातिवलीच्या एका कारखान्यात झाडलोट करणाऱ्या बाईवर. दोन हजार चार साली, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी. मॅनेजरने ऑफिसच्या मधोमध उभं राहून तिला सांगितलं की ओलं फडकं मारून तुम्ही मशीन बिघडवलंत, उद्यापासून येऊ नका. चौदा माणसं ऐकत होती. वेळ मी त्यांच्यातल्याच दोघांना वेगवेगळं गाठून विचारून घेतली. तेव्हा मी आमच्या भागातल्या पाण्याच्या प्रश्नावर पत्रकं लिहायचे आणि 'एके दिवशी' असं मोघम लिहिलेलं पत्रक आमच्याकडे फाडून परत मिळायचं.

पोटासाठी मात्र मी कॉम्प्युटरची नेटवर्कं दुरुस्त करायचे. बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या त्या कारखान्याचं काम आमच्या छोट्या कंपनीकडे होतं. फोन आला की सगळं बंद आहे, बिल निघत नाही, गाडी भरून उभी आहे. मी साडेअकराला पोचले तर ती बाई गेटच्या पायरीवर बसलेली. उमेळे गावची, पन्नाशीची, डोक्यावर पदर. इंजिनीयर येऊन काय ते सांगेपर्यंत हलणार नाही, असं तिने वॉचमनला सांगून ठेवलं होतं. माझी बॅग बघून वॉचमन म्हणाला, "मावशी, आला तुमचा डॉक्टर. पण ही तर पोरगी निघाली."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पोरगी तर पोरगी. बाय, मी पानी लावलंच नव्हतं. खंडेनवमीला पूजेआधी बंद करून पुसलं ते सुकं फडकं होतं. एवढं बघ."

तिला नोकरीची धास्ती होतीच, पण त्याहून मोठी धास्ती दुसरी होती. त्याच गल्लीत आणखी दोन गाळ्यांमध्ये ती झाडायला जायची. सातिवलीत एका गेटवरची गोष्ट चहा संपेपर्यंत पुढच्या गेटवर पोचते. 'मशीन बिघडवणारी' म्हटल्यावर तिला कोण आत घेणार?

सगळ्या कॉम्प्युटरच्या तारा ज्या डब्यात येऊन मिळतात, त्याला आम्ही स्विच म्हणतो. तो ऑफिसच्या कोपऱ्यात भिंतीवरच्या कपाटात होता. खंडेनवमीला कारखान्यातल्या सगळ्या यंत्रांबरोबर त्याचीही पूजा झालेली. वर झेंडूची माळ, कपाळावर, म्हणजे दर्शनी पत्र्यावर, हळदकुंकू. पुढचे सगळे दिवे एकदम, एका तालात, वेड्यासारखे लुकलुकत होते. पाणी गेलेला डबा असा लुकलुकत नाही. तो मरून पडतो. मला तिथेच शंका आली. पण शंकेवर कुणाची नोकरी परत मिळत नाही.

टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून स्विच हाकेला ओ देईना. अशा वेळी नेटवर्कचा रस्ता सोडून मागच्या दाराने जावं लागतं. स्विचच्या मागे एक वेगळी खाच असते, कन्सोल म्हणतात तिला. तिथून एक चपटी निळी तार थेट लॅपटॉपला जोडायची आणि डब्याशी समोरासमोर बोलायचं. माझी तार आत बसेना. पूजा करणाऱ्याने भक्तिभावाने तिथेही कुंकू भरलं होतं. काडेपेटीतल्या काडीने ते उकरून काढलं. कोरडं, भुरभुरीत. जवळपास ओल असती तर त्याचा लगदा झाला असता. हिशेबाच्या टेबलावरच्या दोन मुली बघत होत्या, त्यांना मी ते बोटावर घेऊन दाखवलं.

पडद्यावर आधी नुसती कचरा अक्षरं आली. लॅपटॉप आणि स्विच दोघांचा बोलण्याचा वेग एक नसला की असं होतं. वेग जुळवला, एंटर दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. घाई करणारा माणूस इथेच डबा मेला म्हणून जाहीर करतो. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. बऱ्याच वेळाने स्विचचं नाव पडद्यावर उमटलं, एकेक अक्षर, दम लागलेल्या माणसासारखं. म्हणजे जिवंत होता, फक्त कामाखाली गाडला गेला होता.

स्विच आपल्याजवळ नोंद ठेवतो: कधी चालू झालो, कुठली तार कधी जिवंत झाली. मी ती नोंद मागितली. पण त्याचं घड्याळ कुणी कधी लावलंच नव्हतं. त्याच्या लेखी एकोणीसशे त्र्याण्णव साल चाललं होतं. ठीक आहे. साल खोटं असलं तरी मधलं अंतर खोटं नसतं. माझ्या मनगटावर सव्वाबारा वाजले होते. तिथून मागे मोजत गेले. खंडेनवमीला सकाळी सव्वानऊला स्विच चालू झालेला, म्हणजे बाईने बंद करून पुसला आणि पुन्हा चालू केला ती वेळ. मग नेहमीच्या तारा एकामागून एक जिवंत. नंतर चार तास शांत. आणि दुपारी सव्वाएकला अकरा नंबरची आणि चोवीस नंबरची खाच, दोन्ही एकाच क्षणी जिवंत.

एकाच क्षणी दोन जिवंत होतात ते एकाच तारेची दोन टोकं त्यांत असली की. मी माळ बाजूला सारली. खरंच, एक करडी तार अकरातून निघून चोवीसात शिरली होती. डबा स्वतःशीच बोलत बसला होता, आणि तेच बोलणं फिरून फिरून वाढत जाऊन बाकी सगळं बुडालं होतं. चोवीसातलं टोक उपटलं. दिवे शांत झाले. पाठीमागे कुणीतरी बिलांची छपाई सुरू केली.

गेटवरचं रजिस्टर मागवलं. बाई खंडेनवमीला सकाळी दहा वाजताच गेलेली, सही तिचीच. मी मॅनेजरला विचारलं, सव्वाएकला काय चाललं होतं? तो सहज म्हणाला की पूजा. मग तार पाहून स्वतःच म्हणाला, "ही होय? ही मीच लावली. पूजेच्या फोटोत हिचं सुटं टोक लोंबताना दिसत होतं." मग पेढे वाटले, सगळे घरी गेले, दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी, म्हणून बिघाड दोन दिवस कुणाला कळला नव्हता.

इथे मला थांबता आलं असतं. पण नोंदीखाली स्विचच्या सेटिंग्ज होत्या. अशी वेढा घातलेली तार ओळखून ती खाच आपोआप बंद करायची सोय त्या डब्यात असते. ती बंद होती. बंद मीच केली होती, आदल्या वर्षी. कॉम्प्युटर सुरू झाल्यावर नेटवर्क यायला अर्धं मिनिट लागतं, अशी तक्रार होती. योग्य उपाय शोधायचा कंटाळा केला आणि सोयच काढून टाकली. मॅनेजरची चूक तारेची होती, माझी तिच्याआधीची.

मी बाईला आत बोलावलं आणि त्या चौदा जणांसमोर दोन्ही गोष्टी सांगितल्या. फडकं सुकं होतं. तार पूजेच्या वेळी लागली. आणि त्या तारेने एवढं नुकसान केलं ते माझ्यामुळे. माझं बोलणं संपायच्या आत मॅनेजरचा चेहरा सैल झाला. म्हणाला, म्हणजे तुमच्या कंपनीचाच घोळ, मॅडम. मग बाईकडे वळून, खालच्या आवाजात, की मावशी, गैरसमज झाला, उद्यापासून या. आणि केबिनमध्ये गेला. माझ्या कबुलीचा त्याला आडोसा झाला. याचा राग मला आजही आहे, पण कबुली दिल्याचा पस्तावा नाही.

मी केबिनच्या दारात जाऊन म्हटलं, सकाळी जिथे उभं राहून बोललात तिथे येऊन बोला. तो म्हणाला की एवढ्याशा गोष्टीचा मोर्चा करू नका. दिवाळीला तिला साडी देणारा माणूस तो, वाईट नव्हता. पण चौदा जणांसमोर 'चुकलो' म्हणणं त्याला जमलं नाही.

बाई गेटपर्यंत माझ्याबरोबर आली. मी विचारलं, उद्या येणार ना?

"नाय. तू मोठ्यानं बोललीस, तुझं झालं. त्यानं आळ मोठ्यानं घेतला नि चूक हळूच सांगितली. हळूच सांगितलेलं पुढच्या गेटावर कोन सांगनार?"

ती खरंच परत गेली नाही. पुढच्या दोन गाळ्यांपैकी एकाने तिला दिवाळीआधीच नको म्हटलं. का, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

तुम्ही जिथे काम करता तिथेही यंत्र बंद पडतं आणि पाच मिनिटांत कुणाचं तरी नाव घेतलं जातं. बहुतेक वेळा झाडणाऱ्याचं, पुसणाऱ्याचं, चहा आणणाऱ्याचं. नाव घेण्याआधी यंत्राची नोंद उघडा. ती वाचता येत नसेल तर वाचता येणाऱ्याची वाट पाहा. आणि नाव आधीच घेऊन बसला असाल, तर उद्या सकाळी त्या माणसाला बोलवा, जितक्यांसमोर आळ घेतलात तितक्यांसमोर उभं करा आणि त्याच आवाजात म्हणा: चूक माझी होती.