हसायला ठेवलेली जागा

मोबाईलवर सिनेमे दाखवणाऱ्या एका कंपनीला माझा जुना सिनेमा हवा होता. त्यांच्या एडिटरचा रोज फोन यायचा. माणूस गोड बोलायचा, मला सर म्हणायचा, आणि दरवेळी एकच परवानगी मागायचा. माझ्या सिनेमात प्रत्येक विनोदानंतर थोडी रिकामी जागा आहे, ती त्याला कापायची होती. "सर, तेवढ्यात लोक पुढच्या व्हिडिओवर जातात हो." जागा कापली तर सिनेमा घेणार, नाहीतर नाही. मी "उद्या सांगतो" म्हणून फोन ठेवून द्यायचो.

नाही म्हणायला जीव होत नव्हता. तो सिनेमा आता कुठेच दिसत नाही, आणि माणसांनी आपल्याला बघावं ही हौस म्हातारपणी काही जात नाही. पण ती जागा माझ्या बहिणीसाठी ठेवलेली होती. हे फोनवर कसं सांगायचं?

मी आयुष्यभर पडायचं काम केलं. हिरोच्या मित्राची भूमिका मिळाली की पडणं आलंच. शेणात पडलो, गाळात पडलो, बैलगाडीतून पडलो, एकदा तर वरातीच्या घोड्यावरून थेट बँडवाल्याच्या ढोलावर पडलो. पुढे स्वतःच सिनेमे काढायला लागलो. विंचूर-पिंपळगावकडे ओळखीच्यांच्या कांद्याच्या शेडमध्ये शूटिंग करायचं, एडिटिंग नाशकात. दिग्दर्शक मीच, त्यामुळे निदान कशावर पडायचं ते तरी माझ्या हातात आलं.

आक्का माझी थोरली बहीण. लग्न होऊन चांदवडला गेली आणि नवरा वारल्यावर लवकरच परत आली. पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये द्राक्षं निवडायला जायची. आईवडील गेले, माझं लग्न राहूनच गेलं, मग मी तिला नाशकात घेऊन आलो. दोघांचंच घर, पण बोलायला ती एकटी पुरेशी होती.

पहिला सिनेमा जोडून झाला तेव्हा घरच्या टीव्हीवर आधी तिलाच दाखवला. ती मेथी निवडत बसली होती. पडद्यावर मी कांद्याच्या ढिगावरून घसरून आपटलो. तिचा हात थांबला.

"लागलं नाय ना रं भाऊ?"

"अगं आक्का, सिनेमा आहे. हा काय मी, तुझ्यासमोर बसलोय."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, गुडघ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि मग हसली. हसली म्हणजे पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. तोवर पुढचा विनोद येऊन गेलाही होता. "आता काय झालं? मागं घे," म्हणाली. प्रत्येक पडण्याला हेच. आधी चौकशी, मग हसू.

शेवटी मी कंटाळलो, सगळं पडणं पुन्हा शूट केलं आणि तिच्या हिशेबानेच सिनेमा जोडला. पडल्यावर मी उठायचं नाही, पडल्या पडल्या इकडेतिकडे हात फिरवून चप्पल शोधायची. आक्काचं हसू येऊन बसेपर्यंत चप्पल सापडायची नाही. चांदवडच्या थिएटरात या जागेने मोठा घोळ केला. लोक लगेच हसले, हसून मोकळे झाले, आणि पडद्यावर मी अजून चप्पलच शोधतोय. मशीनवाल्याला वाटलं सिनेमा अडकला. त्याने मशीन बंद करून दिवे लावले आणि लोकांनी शिट्ट्या मारून थिएटर डोक्यावर घेतलं. उलट एका शहाण्या समीक्षकाने लिहिलं की दिग्दर्शकाचा मौनावर गाढ विश्वास आहे. मी आक्काला ते वाचून दाखवलं. "म्हंजी काय रं?" तिने विचारलं. म्हटलं, म्हणजे तू.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आक्का गेली. तिचं सगळं मीच केलं. नाशकातच गंगेवर दहाव्याला डोकं भादरून बसलो होतो, तर नात्यातल्याच एकाला मला बघून हसू आवरेना. बिचारा तोंड फिरवून खोकल्याचं सोंग करत राहिला. मला त्याचा राग आला नाही. माझा चेहराच तसा आहे, मी तरी काय करणार? पण त्या दिवसापासून घरी आलो की फार एकटं वाटतं. टीव्ही मोठ्याने लावतो. मेथीची जुडी अजून दोघांपुरती घेतो, निम्मी पिवळी पडते.

तीच मेथी घ्यायला परवा बुधवारच्या बाजारात गेलो आणि फ्लॉवरच्या पानावरून पाय सटकला. चांगलाच आपटलो. गुडघ्यातून कळ मस्तकात गेली. आणि अख्खी ओळ हसली, त्याच क्षणी, एकदम.

"आगं बया, आजूनबी तसंच पडत्यात!" भाजीवाली शेजारणीला म्हणाली.

"आप्पा, परत एकदा!" मोबाईल धरून कोणीतरी ओरडलं.

मला उठता येत नव्हतं. काय करावं सुचेना म्हणून सवयीने हात फिरवून चप्पल शोधायला लागलो. ते आणखी हसले. वाईट नव्हती ती माणसं, प्रेमानेच हसत होती. पण चप्पल हाताला लागली तरी मी शोधतच राहिलो. लागलं का, असं कोणीतरी विचारेल म्हणून थांबलो होतो. कोणी विचारलं नाही. मग भाजीवालीच्या पाटीला धरून उठलो, सगळ्यांना हात जोडले आणि रिक्षा केली. मेथी राहिलीच.

संध्याकाळी गुडघ्याला हळदीचा लेप लावून बसलो होतो तर एडिटरचा फोन.

"सर, बाजारातला व्हिडिओ बघितला! काय टायमिंग आहे या वयात! आणि व्हिडिओ टाकणाऱ्याने तुमचं ते चप्पल शोधणं बरोबर कापलंय. बघा किती पळतोय. मी तेच म्हणत होतो."

"माझ्या सिनेमातलं कापायचं नाही," मी म्हणालो.

"सर, मग आम्हाला घेता येणार नाही."

"नका घेऊ."

तो म्हणाला, "ठीक आहे सर, काळजी घ्या," आणि फोन ठेवला. आता हा सिनेमा कोणी बघायचं नाही हे मला कळत होतं आणि त्याचं वाईटही वाटत होतं. उगाच मोठेपणा सांगत नाही.

पाय स्टुलावर ठेवून मी टीव्हीवर सिनेमा लावला. कांद्याच्या ढिगावरून तो तरणा माणूस घसरला, आपटला आणि चप्पल शोधायला लागला. पडद्यावर आवाज नाही, घरात आवाज नाही. आक्काच्या जागेवरची उशी तशीच होती. मी तिकडे तोंड केलं.

"लागलं गं आक्का," मी म्हणालो.

तेवढ्यात त्याला चप्पल सापडली आणि पुढचा विनोद सुरू झाला.