न विचारता आणलेले पणजोबा

लंडनजवळच्या हॅरोहून सकाळी निघताना माझ्या भाचीने, मृणालने, मला बजावलं, "मामा, तिकडे आज खूप सेन्सिटिव्ह डे आहे. फोटो नको, ओके?" मी मान डोलावली. आपल्याकडे म्युझियममध्ये "फोटो काढू नयेत" अशी पाटी असते आणि तिच्याखाली कॅमेऱ्याचं तिकीटही मिळतं. म्हणजे फ्लॅश नको एवढंच, असा मी आपला अर्थ लावला. एकतीस वर्षं नाशिकच्या एका शाळेत भूगोल शिकवलेल्या माणसाला सूचना कळत नाहीत असं कोण म्हणेल?

मृणाल इंग्लंडमध्येच जन्मली आणि वाढली. नैऋत्य किनाऱ्यावरच्या एका बंदरगावातल्या म्युझियममध्ये ती संग्रह सांभाळण्याचं काम करते. शनिवार-रविवार आईकडे, म्हणजे माझ्या बहिणीकडे आली होती, ती परत जाताना मलाही घेऊन निघाली. मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीत तिने नखं खाल्ली. पुढच्या लांबच्या गाडीत बहिणीने दिलेल्या दशम्या मी एकट्यानेच संपवल्या. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरून आदिवासी समाजातल्या एक आजी म्युझियममध्ये आल्या होत्या. शोधमोहिमेवर गेलेल्या एका जहाजावरच्या डॉक्टरने त्यांच्या पणजोबांचं थडगं उकरून कवटी इकडे आणली होती. ती आज त्यांच्या हाती द्यायची होती.

"आजींनी नको म्हटलं तर?" मी विचारलं.

"मामा, प्लीज. असं बोलू पण नका."

स्टेशनवरून चालत गेलो. वाटेत बेकरीतून पेस्टी (मटण-बटाट्याचं सारण भरलेली, तळहाताएवढी करंजी) घेतली. ती खात खात त्या मोहिमेच्या कप्तानाच्या पुतळ्यासमोर उभा राहिलो. चौथऱ्यावर लिहिलं होतं की याने तो किनारा शोधून काढला. "अमक्याने तमक्या किनाऱ्याचा शोध लावला" हे वाक्य मी किती वर्गांकडून पाठ करून घेतलं असेल. तिथे आधीपासून माणसं राहत होती, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण परीक्षेत कुणी ते विचारत नसे.

म्युझियमच्या मागच्या फरसबंदी अंगणात आठ-दहा माणसं उभी होती. आंटी डोरीन (त्या समाजात वडीलधाऱ्या बाईला सगळेच आंटी म्हणतात, आपल्या मावशीसारखं) सत्तरीच्या, अंगाने काटक, डोक्यावर लोकरीची टोपी. बरोबर त्यांचा पुतण्या होता. मी भारतातून आलोय म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे ती जहाजं तुमच्याकडेही आली होती." मी हो म्हटलं. त्या माझ्याकडे पाहून हसल्या. ते हसणं आठवलं की मला अजून लाज वाटते.

लोखंडी भांड्यात त्यांनी निलगिरीची पानं पेटवली. हा धूर गेलेल्या माणसाला घरची वाट मोकळी करून देतो, असं पुतण्याने सांगितलं. म्युझियमचा एक कर्मचारी घड्याळ बघत दाराशी उभा होता. धुरासाठी आगीची घंटा बारापर्यंतच बंद ठेवायची परवानगी होती आणि साडेबाराला विमानतळाची गाडी यायची होती. मृणालने खोकं टेबलावर ठेवलं आणि ती मागे सरली. आंटींनी झाकण उचललं, तशी सगळ्यांनी मान खाली घातली.

मी घातली नाही. मी फोन काढला. हात सवयीने चालतो. आमचा निवृत्त शिक्षकांचा ग्रुप आहे, रोज सकाळी फुलं टाकणारा, त्यावर "इंग्लंडमधील एक दुर्मिळ क्षण" असं लिहून फोटो पाठवूनही टाकला. खटकन आवाज झाला होता आणि तो अंगणभर ऐकू गेला होता, हे मला फोनवरून नजर वर केल्यावर कळलं.

आंटींनी झाकण बंद केलं.

"मामा," मृणाल माझ्या कानाशी म्हणाली, "ती फोटो डिलीट करा. नाऊ. पाठवली नाही ना कुठे?"

मी फोन तिच्यापुढे धरला. तिचा चेहरा पांढरा पडला. म्युझियमच्या प्रमुख बाई चटकन पुढे आल्या आणि वेळ कमी आहे, आपण कार्यक्रम पुढे नेऊ या, असं काहीतरी म्हणाल्या.

"नाही," आंटी म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. "मेलेल्या माणसाचा चेहरा परक्यांनी पाहायचा नसतो. तो इकडेतिकडे फिरत असताना मी यांना घरी नेऊन काय निजवू?" मग मला म्हणाल्या, "कुणाकुणाकडे गेलाय?"

मी ग्रुपवरून फोटो पुसला. पण सहा जणांनी तो पाहिला होता, आणि आमच्या मंडळींच्या फोनमध्ये फोटो आपोआप साठतात. आंटी बाकावर माझ्या शेजारी येऊन बसल्या. "फोन लाव. एकेकाला."

तिकडे दुपारचे साडेतीन वाजून गेले होते, सगळे चहाला बसलेले. मी एकेकाला फोन लावत गेलो. चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "अहो, एवढं काय, कवटीच तर आहे." मी म्हणालो, "कवटी नाही बाई. माझ्याशेजारी बसल्यात त्यांचे पणजोबा आहेत." "पुसला," त्या म्हणाल्या. आंटींना मराठी येत नव्हतं, पण प्रत्येक फोननंतर त्या विचारत, "गेला?" मी गेला म्हणायचो. असे पाच गेले. सहावे देवधर सर. त्यांचा फोन वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. बाराला दोन मिनिटं असताना तो घड्याळवाला मृणालकडे येऊन काही पुटपुटला. तिचे डोळे भरून आले होते आणि तिकडे पाहायची माझी हिंमत होत नव्हती.

आंटींनी खोक्यावर हात ठेवून बराच वेळ आपल्या भाषेत काहीतरी म्हटलं. मग उठल्या. "मी यांना आणखी इथे ठेवणार नाही. पण एक मागे राहिलाय. तो तू आण. आणलास की मृणालला कळव, ती मला सांगेल. तोवर मी यांना जमिनीत ठेवणार नाही."

धूर विझला. गाडी बरोबर साडेबाराला गेली. मृणाल मला परतीच्या गाडीत बसवायला स्टेशनवर आली. गाडी सुटताना तेवढं म्हणाली, "मी त्यांना प्रॉमिस केलं होतं, मामा."

देवधर सरांनी नंतरही फोन उचलला नाही. पुढच्या आठवड्यात नाशिकला आलो तो सामान टाकून थेट देवधर सरांकडे गेलो. ते अजून आमच्या शाळेचं भूगोल दालन सांभाळतात. त्यांच्या फोनमधून फोटो पुसायला दोन मिनिटं लागली. मग ते कौतुकाने म्हणाले, "पण तुम्ही पाठवलात त्याच संध्याकाळी मी मोठा छापून घेतला हो. चौकट करून दालनात लावलाय. खाली तुमचं नाव आहे."

मी शाळेत गेलो. माझ्याच हाताखाली उमेदवारी केलेले मुख्याध्यापक अदबीने उभे राहिले, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "सर, मुलं रोज बघतात, शिकतात. आपण अगदी नीट ठेवलाय, काच लावलीय. आणि आता तो दालनाच्या रजिस्टरला चढलाय. असा काढून देता येत नाही. तुम्ही अर्ज द्या, समितीपुढे ठेवतो."

कवटी उचलून नेणाऱ्या इंग्लंडवर मी चिडून बसलो होतो आठवडाभर. आता कुणावर चिडायचं ते कळेना. आंटी तिकडे खोकं घेऊन थांबल्या होत्या आणि समितीची बैठक पुढच्या महिन्यात होती.

कोरा कागद पुढे सरकवत मुख्याध्यापक म्हणाले, "फक्त एक विचारतील, सर. या गृहस्थांशी तुमचं नातं काय?"

"मी त्यांना इथे आणलं," मी म्हणालो, आणि तेच लिहिलं.