टाकीचं झाकण

आमची मोटारसायकल मूळची सासऱ्यांची. ते गेल्यावर ती माझ्याकडे आली, कारण माझी शाळा अंबडच्या पलीकडच्या खेड्यात आणि तिथली एसटी पोचते ती शाळा सुटायच्या बेताला. बाई गाडी चालवते म्हणून लोक टकामका बघायचे. बघू देत. मी मुद्दाम हॉर्न वाजवायचे.

दसरा झाला आणि गाडीच्या अंगात आलं. घरून निघताना ठणठणीत. उसाच्या ट्रॉल्या मागं टाकत अर्ध्या वाटेवर आलं की आचके द्यायची आणि बंद. मी तिचा उद्धार करत उतरायचे, टाकीचं झाकण उघडून बघायचे. पेट्रोल भरपूर. झाकण लावून किक मारली की महाराणी सुरू! थोडं पुढं गेलं की परत तेच.

मिस्त्रीनं कार्ब्युरेटर खोलून धुतला, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक साफ केला. झाकण उघडं टाकून, नळी काढून पेट्रोलची धार दाखवली. "म्याडम, बिलकुल ओके हाये." मी अंबडच्या बाहेर पडते न पडते तोच बंद.

शेवटी नवऱ्यानं जाहीर केलं, "बास झालं आता. गिऱ्हाईक पाहिलंय, रविवारी संध्याकाळी येऊन राह्यलंय." गाडी गेली म्हणजे रोज कुणाच्या तरी मेहरबानीवर शाळा. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, खाली मान घालून तांदूळ निवडत राहिल्या. त्यांनाही सुनेचं गाडीवर हिंडणं नको असणार, असं मी धरून चालले आणि दोघांवरही फुगले.

रविवारी दुपारी शेवटची चक्कर म्हणून निघाले. ठरल्याप्रमाणे महाराणी उसाजवळ बंद पडली. शिव्यांचा साठा संपला होता म्हणून असेल, झाकण उघडताना पहिल्यांदाच नीट ऐकू आलं: फुस्स! टाकीनं हवा आत ओढली. झाकण लावलं, लगेच उघडलं. आता काही नाही. आणि मिस्त्रीनं तर झाकण उघडं ठेवूनच तपासलं होतं! आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. झाकण उलटंपालटं केलं. हवा आत जायला त्याच्यावर एक बारीक भोक असतं. त्या भोकावर हळदीकुंकवाचा खडखडीत वाळलेला थर, वर तांदळाचा एक दाणा! दसऱ्याच्या पूजेचा म्हणून मी त्याकडं कधी नीट पाहिलंच नव्हतं.

मी रस्त्याच्या कडेला बसून एकटीच खो खो हसले. ट्रॉलीवाल्यानं वेग कमी करून पाहिलं आणि वाढवून निघून गेला. केसातली पिन काढून भोक मोकळं केलं आणि अंबडला जाऊन परत आले. गाडी एकदाही खोकली नाही. येताना मी मोठ्यांदा गात होते, सूर गेला खड्ड्यात.

घरी येऊन आत्याबाईंना झाकण दाखवलं.

"म्हंजी माझ्या हळदीकुंकवानं गाडी बंद पडली?" त्या फणकारल्या.

"आत्याबाई, तेलाच्या डब्याला तुम्ही भोकं किती पाडता?"

"दोन. एकातून तेल, एकातून वारं. न्हाईतर तेल पडतंय का?" बोलता बोलता त्या थांबल्या. मग पदर तोंडाला लावून अशा हसल्या की त्यांना भिंत धरावी लागली. "अगं बया! गाडी जितकी बंद पडली तितकं मी जास्त थापलं!"

"पण दसरा तर कधीच झाला."

"रोज लावती मी. तू आंघोळीला गेलीस की."

"रोज? कशाला?"

"त्या ट्रॉल्यांच्या गर्दीतून जातीस. मला काय तुझ्यासंगं येता येतंय?"

तेवढ्यात अंगणात गिऱ्हाईक आलं, टायर दाबून बघायला लागलं. नवरा चावी शोधत बाहेर आला. चावी माझ्या मुठीत होती. मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई पदर सावरत पुढं झाल्या.

"दादा, पाणी घ्या, चहा घ्या. गाडी इकायची न्हाई."

"पण तुमच्या पोरानं तर…"

"त्याची न्हाई ती," आत्याबाई म्हणाल्या. "माझ्या सुनेची हाये."