वीस झोके, छप्पन्न सेकंद

दरवर्षी अकरावीच्या प्रॅक्टिकलला माझं मुलांशी एकच भांडण होतं. प्रयोग साध्या लंबकाचा. दोऱ्याला पितळी गोळा टांगायचा, वीस झोक्यांना किती सेकंद लागतात ते मोजायचं आणि त्यावरून गुरुत्वाचं उत्तर काढायचं. पुस्तकातलं उत्तर सगळ्यांना पाठ असतं. त्यामुळे मुलं उत्तर आधी लिहितात आणि मग त्याला शोभतील अशी रीडिंग बनवतात. असं जर्नल हाती लागलं की मी ते पान वर्गासमोर टराटरा फाडतो. सर फार कडक आहेत, असं मुलं म्हणतात. घरी या कडकपणाला कुत्रं विचारत नाही, हे त्यांना माहीत नाही.

आमची लेक सहा महिन्यांची झाली आणि बायकोची बाळंतपणाची रजा संपत आली. ती एका दवाखान्याच्या लॅबमध्ये आहे, दुपारची पाळी. माझं कॉलेज सकाळचं. म्हणजे दुपारी लेकीला झोपवायचं काम माझ्याकडे येणार होतं. तोवर ते सासूबाई करत होत्या. पण त्यांची पिंपळगावकडे द्राक्षबाग, छाटणी तोंडावर आलेली, त्यामुळे रविवारी त्यांना परत जाणं भाग होतं. रजा वाढवून मिळणार नव्हती. "ती तुझ्याजवळ झोपली नाही तर मला नोकरी सोडावी लागेल," बायकोनं मला सरळ सांगितलं. तिला ती नोकरी फार प्रिय आहे. माझ्या हाती एक आठवडा होता.

पाळणा आमच्या बैठकीत छताच्या कडीला साखळ्यांनी टांगलेला. लंबकच की तो! दोरी हातात घेतली आणि मी ओढू लागलो. लेक टक्क जागी. जोरात ओढलं, तर रडायला लागली.

"जावईबापू," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "पाळणा हालवताय का बैल हाकताय?"

मग त्या आल्या, खाली बसल्या, दोरी पायाच्या अंगठ्याला अडकवली आणि मेथी निवडायला लागल्या. मेथीची जुडी संपायच्या आत लेक झोपली. थोड्या वेळानं सासूबाईंनाही डुलकी लागली. अंगठा मात्र चालूच होता.

हे माझ्या विद्येला आव्हान होतं. दुसऱ्या दिवशी लेक आईच्या मांडीवर असताना मी स्टॉपवॉच काढलं आणि रिकाम्या पाळण्याला झोका दिला. सासूबाई हातातलं काम टाकून धावत आल्या आणि त्यांनी पाळणा धरला.

"रिकामा पाळणा हालवू नाय. पोरीच्या पोटात दुखतं."

मी त्यांना शास्त्र सांगायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं नाही. पण बाई व्यवहारी. आत जाऊन वरवंटा घेऊन आल्या, त्याला लेकीचं टोपडं घातलं, दुपट्यात गुंडाळला आणि पाळण्यात निजवला. बारशाच्या दिवशी लेकीच्या आधी पाळण्यात गेलेला तो हाच वरवंटा.

"आता हालवा. रिकामा नाय आता."

वीस झोके, छप्पन्न सेकंद. नंतर वरवंटा काढून लेकीला ठेवलं. ती वरवंट्याच्या दुपटीहून जड. वीस झोके, पुन्हा छप्पन्न सेकंद. झोक्याचा वेळ वजनावर ठरत नाही, टांगलेल्या लांबीवर ठरतो, हे मी विजयी मुद्रेनं जाहीर केलं.

"म्हंजी तुमच्या शास्त्राला पोरगी न् दगड सारखेच," सासूबाई म्हणाल्या. बायको इतकी हसली की लेक दचकली.

मी प्रॅक्टिकलचा एक तक्ता आखून फ्रिजवर चिकटवला. तारीख, कोणी झोपवलं, किती मिनिटं. सासूबाईंच्या नावापुढे बारा, दहा, चौदा. माझ्या नावापुढे "झोपली नाही", "झोपली नाही", "सासूबाईंना बोलावलं". त्या येता-जाता तक्त्यापुढे थांबायच्या, चष्मा वर करून आकडे वाचायच्या आणि पुढे जायच्या. नापास विद्यार्थ्याला काय वाटतं ते मला त्या आठवड्यात कळलं.

मग मी त्यांचा अंगठा बघत बसलो. त्या प्रत्येक झोक्याला ओढतच नव्हत्या. पाळणा त्यांच्यापासून दूर जाऊन थबकायचा, परत फिरायला लागायचा, तेवढ्यात दोरीला जरासा ताण. मग दोन-तीन झोके आपले आपण. मी मात्र माझ्या घाईनं मध्येच हिसका देत होतो. पाळण्याच्या स्वतःच्या वेळेशी आपली वेळ जुळली की थोडक्या जोरातही झोका टिकतो, हे मी बारा वर्षं फळ्यावर शिकवतोय. तेच मी त्यांना समजावून सांगितलं.

"आमच्याकडं त्याला हात बसणं म्हन्तात," त्या म्हणाल्या. "तुमचा बसंल. आज ना उद्या."

शनिवारपर्यंत तो बसला नाही. सासूबाईंनी पिशवी भरली, परत उघडली, पुन्हा भरली. "मी गेल्यावर झोपती का नाय, काय सांगता येत नाय," असं त्या आठवडाभर दिवसातून चारदा म्हणत होत्या. मला वाटलं, माझी परीक्षा जवळ आल्याची आठवण करून देताहेत. थोडा रागही आला.

सोमवारी बायको बाराला निघाली. दारातून दोनदा परत आली, तिसऱ्यांदा मीच दार लावलं. लेकीला पाळण्यात ठेवलं, खाली बसलो, दोरी अंगठ्याला अडकवली. स्टॉपवॉच लावून बाजूला ठेवलं, पण त्याकडे बघितलं नाही. पाळणा दूर गेला, थबकला, वळला. जरासा ताण. दोन झोके तसेच जाऊ दिले. तिची मूठ सैल झाली, पापण्या मिटल्या. अकरा मिनिटं! मी चोरपावलांनी जाऊन तक्त्यात अकरा लिहिले आणि बायकोला मेसेज टाकला. मला इतका आनंद झाला होता की एकटाच हसत होतो.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन. मागे बागेत कात्र्यांचा कटकट आवाज आणि मजूर बायकांची बोलणी.

"झोपली का?"

"झोपली."

"लय रडली असंल."

मी अकरा मिनिटं म्हणणारच होतो. पण त्या पुढे बोलेनात. कात्र्या चालू होत्या आणि सासूबाई नुसत्या वाट बघत होत्या. आठवडाभर चारचारदा म्हटलेल्या त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा लागला, आणि माझीच मला लाज वाटली.

"हो ना," मी म्हणालो. "पाऊण तास रडली. सारखी स्वयंपाकघराकडे बघत होती."

"मंग? मी म्हनलंच व्हतं." आवाज एकदम उजळला. "तुमच्याच्यानं नाय व्हायचं ते. रविवारी येते मी. आन् त्यो तुमचा कागद ठिवा तिथंच, मला बघायचाय."

फोन ठेवून मी फ्रिजपाशी गेलो आणि अकरा खोडून पंचेचाळीस लिहिले.