दहावं पिल्लू

अंगणाभोवतीच्या चिऱ्याच्या गडग्यावर कोवळं ऊन, बांबूच्या उपड्या डालग्याखाली पिल्लांची किलबिल, आणि त्यातल्या एकाच्या पिवळ्या पायात आईने सैलसर बांधलेला लाल दोरा... माझ्या बालपणीची भीती मला आजही त्या दोऱ्याच्याच रंगाची आठवते.

रत्नागिरीत आम्हा ख्रिस्ती लोकांची घरं मोजकी. पण देवाचा दशमांश काढण्यात आमचं घर कुणाला हार जाणारं नव्हतं. तांदळाची दहावी पायली, माडावरचा दहावा नारळ, आणि कोंबडीने पिल्लं काढली की डालग्यातून एकेक सोडताना बाहेर येणारं दहावं पिल्लू— ते देवाचं. त्याच्या पायात दोरा पडायचा. वाढवायचं आपण, आणि भात कापून झालं की कापणीच्या सणाला चर्चमध्ये नेऊन द्यायचं.

ऐंशीच्या दशकातल्या त्या पावसाळ्यात मी आठ वर्षांची होते. दहावी बाहेर आली ती नेमकी ठिपकी— गुबगुबीत, माझ्या तळहातावर झोपी जाणारी. ती आपली नाही हे मला सोसवेना. दुपारी घर पेंगत असताना मी तिचा दोरा सोडला आणि एका लंगड्या पिल्लाच्या पायात बांधला. देव काय कोंबड्या मोजत बसलाय, असं मनाला समजावलं... घाबरत घाबरतच.

पप्पा रोज संध्याकाळच्या प्रार्थनेला पवित्र शास्त्रातला एक अध्याय वाचून आम्हाला समजावून सांगत. महिन्याभराने दशमांशाचा नियम आला. "दहावं जनावर देवाचं, लठ्ठ असो नाहीतर रोडकं," पप्पा म्हणाले, "आणि कुणी अदलाबदल केलीच, तर दोन्ही देवाची!" ते सहज बोलून गेले, मी मात्र उठून डालग्यातल्या ठिपकीला आणि लंगडीला पाहून आले.

तेव्हापासून मी माणसं मोजू लागले. काकांकडचे पाच, आम्ही चार— घरात नऊ जण. आणि आईला दिवस गेलेले... येणारं बाळ दहावं!

ते आलं सातव्याच महिन्यात. कापसात गुंडाळलेलं, रडायचंही बळ नसलेलं. इस्पितळातल्या फिनेलच्या उग्र वासात काकूने मला जवळ घेतलं. "देवाच्या हातात आहे गो आता." ती धीर द्यायला म्हणाली, पण मला त्या इवल्या पायात लाल दोरा दिसला.

कापणीच्या सणाच्या सकाळी पप्पा लंगडीला टोपलीत घालत होते. मी ठिपकीला पुढे केलं.

"अगो, हिला कशाला? आपली द्यायची एकच."

मी हुंदके देत सगळं सांगितलं. वाटलं होतं, हसतील, नाहीतर एक ठेवून देतील. पप्पा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांचा चेहरा पार उतरला. त्यांनी ठिपकीच्या पायात दोरा बांधला, आणि गाठ दोनदा ओढून पाहिली. मोठी माणसंही भितात हे मला तेव्हा कळलं आणि माझी भीती दुप्पट झाली.

चर्चमध्ये नव्या भाताचा, झेंडूचा, केळीच्या ओल्या खुंटांचा वास दाटला होता. उपासनेनंतर झालेल्या अर्पणांच्या लिलावात ठिपकी कुणाच्या तरी पिशवीत गेली. ती ओरडत होती, आणि मी कान झाकले नाहीत.

आठवड्याने बाळ दूध ओढू लागलं.

आज पप्पा नाहीत, डालगं नाही. ते बाळ— माझा भाऊ— आता चर्चच्या कमिटीत बसतो आणि ठासून सांगतो, "ताई, दशमांश हा जुना नियम. आता मनाला येईल तेवढं, आनंदाने द्यावं. भिऊन दिलेलं देवाला काय करायचंय?" त्याचं बरोबर आहे. आमच्या चर्चचे पाळकही तेच सांगतात. मी मान डोलावते... आणि पगार झाला की इतर कशालाही हात लावण्याआधी दहावा हिस्सा पाकिटात घालून बंद करते.

"कसली एवढी भीती गो तुला?" तो हसत विचारतो. भरल्या अंगाचा, खणखणीत आवाजाचा माणूस. मी त्याला अजून काही सांगितलेलं नाही. तो चपला काढून घरात येतो तेव्हा माझी नजर आधी त्याच्या पायांकडे जाते.