एकशे चाळीस कॉमिक्स, बेचाळीस मेंढरं

ओतूरच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली तेव्हा आबा माझ्याकडे बघतच नव्हते. आईनं भाकरीचं फडकं खिडकीतून वर दिलं, डोळे पुसले, आणि आबा मात्र आम्ही बसलो होतो त्या बाकाखाली वाकून बघत होते. गाडी सुरू झाल्यावर खिडकीशी आले आणि म्हणाले, "मागं काय राह्यलं का, बघून घे." मला रागच आला. पोरगा नोकरीला बंगळूरला निघालाय आणि बापाला सांगायला एवढंच सापडलं. पण आमच्या धनगरांत निरोप असाच देतात. मेंढरं रानातून हलवली की आधी मागं वळून बघायचं, कारण बिबट्या उचलतो ते मागं रेंगाळलेलंच.

तुम्ही अजून गावात असाल, किंवा माझ्यासारखे कुठल्यातरी चौथ्या मजल्यावर बाल्कनीत कपडे वाळत घालत असाल. दोघांनाही हे सांगायचं आहे.

इथं मी मोबाइल गेमसाठी डोंगर आणि झाडं काढतो. आमच्या लीड मॅडमचं म्हणणं पडलं की चित्रं छान आहेत, पण त्यात गोष्ट नाही. गोष्ट शिकायची तर हे वाच, म्हणून त्यांनी एक शीट पाठवली. जगभरातली एकशे चाळीस कॉमिक्स. मी त्या यादीवर तुटून पडलो. बसमध्ये, जेवताना, मीटिंगमध्ये टेबलाखाली. एक संपायच्या आत दुसऱ्याचं कव्हर उघडायचो. वाचून झालं की नावापुढं हिरवी टिक करायची. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं आणि लगेच उरलेली किती ते मोजायला लागायचो. घाईघाईत एक जपानी पुस्तक चक्क उलट्या बाजूनं वाचलं आणि त्याचा शेवट जमलेला नाही असं मॅडमना ऐटीत सांगितलं. ती पुस्तकं उजवीकडून उघडतात म्हणे. टीम दोन दिवस हसत होती.

घाई यादीची नव्हती. गणपतीत आबांचा फोन आला होता. दिवाळी झाली की आमची मेंढरं माळशेज उतरून कोकणात जातात, आणि आबांचे गुडघे गेलेत. "एकट्यानं घाट उतरवत न्हाई आता," ते म्हणाले. "तू येनार आसशील तर ठिवतो. न्हाई तर मढच्या मामाला देतो. काय ते सांग." मी सांगितलं की ऑफिसनं एक यादी दिलीय, ती संपली की सांगतो. त्यांनी ते खरं मानलं. दर रविवारी विचारायचे, किती राह्यली? साठ. बावन्न. चाळीस. मी वाचत सुटलो होतो आणि यादी संपू नये असंही वाटत होतं. हो म्हणायची इच्छा नव्हती आणि नाही म्हणायची हिंमत नव्हती, एवढी साधी गोष्ट होती ती.

दसऱ्याला घरी गेलो तेव्हा ते जपानी पुस्तक पिशवीत होतं. आबांना अक्षर येत नाही. त्यांनी ते हातात घेतलं आणि सरळ मागच्या बाजूनं उघडलं, उजवीकडून. मी चमकलो. विचारलं तर म्हणाले, कळप मागूनच बघायचा असतो. डोंगरात एकटी राहणारी बाई आणि तिचा घोडा, अशी ती गोष्ट. आबांनी त्या चित्रांना सगळी दुपार लावली.

"घोड्याचा मागला पाय दुखतोय," शेवटी ते म्हणाले. "पयल्यापास्नं. तिला लई उशिरा कळलं."

मी ते पुस्तक आता दोन्ही बाजूंनी वाचलं होतं. पाय मला दिसलाच नव्हता.

मग त्यांनी नेहमीचं विचारलं. बावीस राहिलीत, मी म्हणालो. आणि ती झाल्यावर? मॅडमकडून दुसरी यादी मी आदल्याच आठवड्यात मागून घेतली होती. तोंडावर खोटं बोलवेना. मी सांगून टाकलं की पुढं अजून एक यादी आहे.

आबांनी पुस्तक मिटलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि माझ्या हातात दिलं. "म्हंजी तुला चरायला रान घावलंय," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मामाला फोन लावला. मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याची इतकी लाज वाटली की मी जेवलो नाही.

मेंढरं मामाकडं गेली तेव्हा मी बंगळूरला परत आलो होतो. त्या दिवसापासून शीट उघडली नाही. कागद घेऊन चौकटी आखल्या आणि एकेकीत एकेक मेंढरू काढायला लागलो. काळतोंडी, बोडकी, फाटक्या कानाची, आईच्या पदराला तोंड पुसणारी. आमच्याकडं मेंढरं आकड्यानं मोजत नाहीत, तोंडानं ओळखतात. पानांचे फोटो आईच्या मोबाइलवर पाठवले. आबांनी शेवटच्या पानापासून सुरुवात केली, दोन कान दुरुस्त करायला लावले आणि मग म्हणाले, "एक कमी हाय."

मी मोजलं. एक्केचाळीस. मामाला दिली होती बेचाळीस.

"लंगडी राह्यली."

मी डोकं खाजवलं. लंगडी कुठली? आठवेचना.

"तुला कशी ठावी आसंल," आबा म्हणाले. "तू दसरा करून गेल्यावर जलमली ती."

तेव्हापासून ते फोनवर तिचं वर्णन सांगतात आणि मी काढतो. कपाळावर पांढरा ठिपका, डावा पाय जरा आत, चालताना मान खाली. सात वेळा काढली. ती नव्हं, म्हणतात. गाव सोडताना वाटलं होतं की घर मला तोंडपाठ आहे, कधीही डोळे मिटून आठवेन. आता घर म्हणजे जे माझ्यामागं झालं आणि मला विचारून घ्यावं लागतं, तेच जास्त आहे.

यादीतली बावीस तशीच पडलीत. रविवारी फोन येतो तेव्हा आबा त्यांची चौकशी करत नाहीत.

"आली का ती?" एवढंच विचारतात.

"मागं हाय, आबा," मी म्हणतो. "येतीय."