मंदीतल्या गुलाबी बशा

लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनी घरी पाव भाजले. मी बशा जमवल्या. नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या आमच्या चिमुकल्या घरात नवरा जेवणाच्या टेबलावर ऑफिस थाटून बसला होता, मुलगी वरच्या खोलीत डच शाळेत होती, आणि मला घराबाहेर पडायला एखादं सभ्य कारण हवं होतं. ते गल्लीच्या टोकाला, एका घराच्या पायरीवर सापडलं. ‘फुकट, घेऊन जा’ असं लिहिलेलं खोकं आणि आत एक पारदर्शक गुलाबी बशी, काठावर उठावाची फुलं.

घरी आणून नेटवर शोधलं. अमेरिकेतल्या महामंदीत यंत्रावर ढिगाने काढलेली स्वस्त काच. ओट्सच्या खोक्यात फुकट यायची.

“म्हणजे साबणावर चमचा फुकट,” मीटिंग म्यूट करून नवरा म्हणाला. “आणि आता लोक ते जमवतात?”

“हो.”

“शहाणे लोक?”

“तू अनम्यूट कर.”

पुढच्या आठवड्यात खोक्यात साखरेचं भांडं होतं, मग वाट्या. मी खास कपाट घेतलं, आत दिवा लावला. नवऱ्याने त्याला देव्हारा म्हणायला सुरुवात केली.

एकदा मी खोक्यात डोकावत असताना त्या घराची खिडकी उघडली. आत ऐंशीच्या पुढचे एक डच आजोबा. त्यांची बायको जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. तिची बहीण लग्न करून अमेरिकेत गेली होती, ती दर भेटीत ही काच आणायची. “आयुष्यभर मी यांच्यावरची धूळ पुसली,” आजोबा म्हणाले. “यांत जेवायची मात्र परवानगी नव्हती. तुम्ही काय खाता यांत?”

“छे, मी नीट कपाटात ठेवल्यात,” मी अभिमानाने सांगितलं.

त्यांनी खिडकी लावून घेतली. त्यानंतर खोकंच दिसेना.

“ब्रेकअप झाला का?” नवऱ्याने विचारलं.

दोन आठवडे मी फुगून बसले. मग हूफडॉर्पच्या भारतीय दुकानातून फरसाण आणलं, मिसळ केली, गुलाबी वाट्या ट्रेमध्ये मांडल्या, थर्मासमध्ये तर्री भरली आणि त्यांची बेल वाजवली. त्यांनी दोन खुर्च्या फुटपाथवर आणल्या, नियमाप्रमाणे अंतर सोडून. मी वाटीत उसळ घातली, वरून कढत तर्री ओतली, आणि वाटी टणकन तडकली. लाल रस्सा ट्रेवरून त्यांच्या बुटांवर गेला.

मी रडायच्या बेतात होते. सगळ्या वाट्यांत तीच सर्वांत सुंदर होती. आजोबा तुकड्यांकडे बघत राहिले आणि मग हसत सुटले, इतके की त्यांना ठसका लागला. त्या दिवसांत खोकणारा माणूस दिसला की लोक रस्ता बदलत. समोरून येणाऱ्या जोडप्याने तो बदलला.

“तिने मला घराबाहेर काढलं असतं,” ते म्हणाले, आणि रुमालाने डोळे पुसले. “तिखट आहे फार.”

अजून त्यांनी एक घासही घेतला नव्हता. मी थर्मासचं झाकण थोडा वेळ उघडं ठेवलं आणि दुसऱ्या वाटीत निवलेली तर्री वाढली. त्यांनी ती पावाने पुसून संपवली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या कपाटातली उरलेली सगळी काच माझ्या दारात होती. मी देव्हारा रिकामा केला. आम्ही रोज त्यांतच आमटी-भात जेवू लागलो. मुलीने महिन्यात तीन बशा फोडल्या आणि दर वेळी इंग्रजीत सांगितलं की त्या तशाही जुन्याच होत्या.

निर्बंध उठल्यावर आजोबा आणि मी मिळून जुन्या वस्तूंच्या दुकानात जाऊ लागलो. मी फुलं बघते, रंग बघते. ते बोटाने काठ वाजवतात, कान लावून ऐकतात आणि गंभीर चेहऱ्याने सांगतात, “ही फार दिवस टिकणार नाही. घ्या.”